ग्रामसंघाच्या वह्यांसाठी एआय: सुरुवात कुठून करावी, आणि फोन कोणाच्या हातात?

लेखासखी यांचा प्रश्न (पुढचे मथळे म्हणजे उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं)

धुळे जिल्ह्यातल्या एका प्रभागसंघासाठी विचारते आहे. खाली १८ ग्रामसंघ, एकेका ग्रामसंघात ८ ते १५ महिला बचत गट. यंदा एआय वापरून पाहायचं असा ठराव कार्यकारिणीतल्या बायकांनी स्वतःहून केलाय, वरून कुणी सांगितलेलं नाही. डोक्यात चार कामं आहेत: मासिक सभेचं इतिवृत्त, हाताने लिहिलेल्या वह्यांच्या फोटोवरून एक्सेल, कर्जमागणीची यादी लावणं, आणि मसाले-पापडांची लेबलं.

अडचणी अशा. सभेत निम्म्याहून जास्त बायका अहिराणीत बोलतात. वह्यांमध्ये मराठी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ आहे. नेट कधी असतं, कधी नसतं. बऱ्याच लिपिकांच्या (वह्या लिहिणाऱ्या बायकांच्या) घरी स्मार्टफोन एकच, आणि तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात. त्यात एक कंपनी मागे लागलीय: "सगळं आमच्यावर सोडा, तुम्हाला फक्त डॅशबोर्ड दिसेल."

कोणतं काम आधी घ्यावं, कोणतं घेऊच नये, आणि कंपनीला काय विचारावं?

ताळेबंद

ताई, फोटोवरून एक्सेल हे आधी घ्या. कारण इथे चूक झाली तर सापडते. रोकडवहीत आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर अखेरची शिल्लक. यंत्राने वाचलेल्या आकड्यांवर हे बसलं नाही तर पान परत घ्यायचं. इतिवृत्तातल्या चुकीला असा ताळा नसतो.

आता चुका कुठे होतात ते. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ५ इंग्रजी चारसारखा, आणि घाईत लिहिलेला मराठी ७ इंग्रजी सहाच्या जवळ जातो. एकाच पानावर दोन्ही पद्धती असल्या की यंत्र घसरतं. पण फरकावरून चोर पकडता येतो. बेरीज ८, ८० किंवा ८०० ने चुकली असेल तर कुठेतरी १ चा नऊ झालाय. १, १० किंवा १०० ने चुकली असेल तर सगळे ५ आणि ७ बघा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर दोन आकडे उलटसुलट झालेत (४५० चे ५४०) किंवा शून्य गळलंय (५०० चे ५०). ही शेवटची चूक पुष्कळदा वहीतलीच निघते, तेव्हा यंत्राला शिव्या घालण्याआधी वही बघावी.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीशी, फ्लॅश बंद ठेवून काढायचा. फ्लॅशने बॉलपेनची शाई चमकते. वही सपाट, फोन बरोबर वरून, एका फोटोत एकच पान. दोन पानं एकदम घेतली की शिवणीजवळचा रकाना वाकतो आणि रकमा एक ओळ खाली सरकतात. सगळ्यात घातक चूक ही, कारण उभी बेरीज जुळते पण एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडतो. म्हणून बेरजेवर थांबू नका. दर पाचवी ओळ वहीशी आडवी लावून बघायची.

यंत्राला सांगायचं ते असं: "रकाने: अनुक्रमांक, नाव, बचत, मुद्दल, व्याज, दंड. जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक. रिकामा रकाना रिकामाच ठेव. बेरीज करू नकोस." शेवटची तीन वाक्यं गाळू नका. सगळ्यांची बचत १०० असेल आणि एकीचा रकाना मोकळा असेल तर यंत्र तिथेही १०० ठोकून देतं, आणि गैरहजर बाई कागदावर हजर होते. बेरीज एक्सेलच्या सूत्राने करायची.

व्याजाचंही तेच. "शेकडा एक" म्हणजे महिन्याला शंभराला एक, हे आपल्याला सांगावं लागत नाही. यंत्र तो दर वर्षाचा धरू शकतं. १०,००० च्या कर्जावर पहिल्या महिन्याचं व्याज १०० च्या जागी ८ रुपये ३३ पैसे आलं तर हेच झालंय. दुसरं, व्याज घटत्या शिलकीवर की मूळ रकमेवर हे लिहून द्या. तेच १०,०००, शेकडा एक, मुद्दलाचे दहा समान हप्ते: घटत्या शिलकीवर एकूण व्याज ५५०, मूळ रकमेवर १,०००. विचारलं नाही तर यंत्र दोन्हींपैकी एक आपल्या मनाने धरतं.

ध्वनिलहर

इतिवृत्ताबद्दल. पूर्ण सभा रेकॉर्ड करू नका. दीड तासात वीस जणी एकमेकींच्या बोलण्यात बोलतात, पंखा चालू, मांडीवर मूल. त्यातून जे उतरेल ते दुरुस्त करण्यापेक्षा हाताने लिहिणं लवकर होईल. शिवाय सभेत घरातलं भांडण, दवाखाना, नवऱ्याचं पिणं असं सगळं निघतं. ते फोनमध्ये साठवायचं कारण नाही.

त्याऐवजी असं करा. चर्चा अहिराणीत होऊ द्या. विषय संपला की सचिव ठराव प्रमाण मराठीत मोठ्याने वाचेल, आणि तेवढंच रेकॉर्ड करायचं: ठराव क्रमांक, विषय, रक्कम, सूचक, अनुमोदक. वीस-तीस सेकंद लागतात. आठ ठराव म्हणजे चार मिनिटं. ठराव मोठ्याने वाचला गेला की "मी असं म्हटलंच नव्हतं" हा वाद जागेवर मिटतो, तो फायदा वेगळाच.

अहिराणी सरळ मराठी यंत्राला दिली तर काय होतं? ते तिला ओढूनताणून मराठी नाहीतर हिंदी करतं. अहिराणीतलं "मना" म्हणजे "माझा", यंत्राला ते मन वाटतं. "शे" म्हणजे "आहे", पण आकड्याच्या मागे आला की तो शंभराचा "शे" वाटू शकतो. पैशाच्या सभेत हा धोका नको.

मराठी आकड्यांचीही गंमत आहे. पावणेदोनशे, अडीच हजार, साडेतीनशे इथे यंत्रं अडखळतात, आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत एकाच्या जागी दुसरा उतरतो. उपाय चेकवरचा: रक्कम दोनदा बोलायची. "रुपये सहा, नऊ, शून्य, शून्य. अक्षरी सहा हजार नऊशे." दोन्ही जुळले तरच लिहायचं.

फोन सचिवाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. रेकॉर्डिंगला नेट लागत नाही. फाइल नंतर पाठवा. एका वाहिनीचं (मोनो), १६ किलोहर्ट्झचं, न दाबलेलं (अनकॉम्प्रेस्ड) रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण २ एमबी होतं, म्हणजे चार मिनिटांचं ८. बोलणं उतरवण्यासाठी याहून भारी दर्जा लागत नाही. प्रभागसंघाच्या लॅपटॉपवर नेटशिवाय चालवायचं असेल तर व्हिस्पर हे बोलणं उतरवणारं मॉडेल २०२२ पासून खुलं आहे. सरकारी भाषिणी हा दुसरा पर्याय. त्यातही मराठी आहे, पण त्याला नेट लागतं. व्हिस्परमध्ये भाषा "मराठी" अशी हाताने निवडा, आपोआप ओळखायला सोडली तर हिंदीत जाऊ शकतं. आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी शांतता उरली असेल तर ती कापून टाका. शांततेत हे यंत्र गप्प बसत नाही, न बोललेली वाक्यं लिहितं.

पारावरचा

एवढी यातायात कशाला? गावात बीसीए झालेला एखादा पोरगा असतोच. त्याला महिना दोन हजार द्या, तो सगळं बघेल. आणि नोंद तर लोकओएसमध्ये (बचत गटांच्या सरकारी नोंदप्रणालीत) करावीच लागते.

कुलूपकिल्ली

लोकओएसचा मुद्दा बरोबर आहे. जीवनोन्नती अभियानाचे व्यवहार त्यात जातात, म्हणून त्याला समांतर दुसरी नोंद उभी करू नका. एआयचं काम त्याच्या आधी संपतं: वही तपासली, चुका काढल्या, मग लोकओएसमध्ये भरलं.

पोरग्याचं म्हणाल तर फोन चालवणं त्याला येईल, पण वही येणार नाही. दंडाचे २० रुपये व्याजात धरले तर बेरीज तरी जुळतेच. ही चूक लिपिकेला दिसते, कारण त्या सभेला कोण उशिरा आलं हे तिला माहीत असतं. तपासणारी जर ती असेल तर चालवणारीही तीच हवी. ते दोन हजार लिपिकेलाच तपासणीचे म्हणून द्या. एआय आलं की "आता तुझं काम कमी झालं" असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात पहिले काही महिने ते वाढतं, आणि रात्री स्वयंपाक उरकून बिनपैशाचं होतं. म्हसवडच्या माणदेशी या महिला बँकेचा परवाना प्रवर्तक निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला होता. बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांना काढायला सांगा. १९९७ मध्ये परवाना मिळाला. हिशेब बायकांना येतो हे तेव्हाच सिद्ध झालंय. आता अडतंय ते पासवर्डपाशी.

तर पासवर्डचं. प्रभागसंघाच्या नावाने एक फोन, एक सिम, एक ईमेल. एआयचं खातं त्या ईमेलवर, कुणाच्या घरच्या नंबरवर नाही. ओटीपी त्याच सिमवर. परत मिळवण्यासाठीचा दुसरा नंबर कोषाध्यक्षांचा. पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर तिघींच्या सह्या, तिजोरीत. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा, आणि हस्तांतरणाच्या यादीत शिक्के, चेकबुक यांच्याबरोबर "एआय खातं" ही ओळ घालायची. ग्रामसंघाच्या लिपिकांना हा फोन आळीपाळीने द्या, महिन्यातून एक ठरलेला दिवस प्रत्येकीला. १८ ग्रामसंघ म्हणजे १८ दिवस, महिन्यात बसतात.

ताळेबंद यांच्या सूचनेत एक दुरुस्ती: "नाव" हा रकाना काढा. फोटो घेताना नावांवर जाड कागदाची पट्टी ठेवा, फक्त अनुक्रमांक दिसू द्या. नावं एक्सेलमध्ये नंतर आपल्या यादीतून जोडता येतात. ओळ सरकली की नाही हे अनुक्रमांकावरूनही कळतं. आधार क्रमांक, पासबुकचं पहिलं पान, फॅमिली फोटो यातलं काहीही यंत्राला द्यायचं नाही. फुकट खात्यांमध्ये दिलेला मजकूर मॉडेल सुधारायला वापरण्याची सेटिंग बहुधा चालू असते. पहिल्या दिवशी ती शोधून बंद करा.

सभासदांची संमती घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ चा आहे. त्यात सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागता येते, म्हणजे मराठीत. आणि संमती द्यायला जितकी सोपी तितकीच मागे घ्यायलाही सोपी हवी. मोठ्याने वाचून दाखवा आणि मग सही घ्या. नुसता अंगठा उठवून घेणं म्हणजे संमती नव्हे.

उसाचं_पाचट

कर्जाची यादी यंत्राकडून लावून घेऊ नका. एआय मागच्या परतफेडीवरून शिकणार. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बाईचे चार-पाच हप्ते कोरे दिसतात आणि हंगाम संपल्यावर एकदम भरणा दिसतो. गटाला ती पक्की बाई म्हणून ठाऊक असते. यंत्राला ती थकबाकीदार दिसते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाण्यापुरतं घेतलेलं छोटं कर्ज आणि विहिरीच्या मोटरीचं कर्ज यांतला फरकही त्याला कळत नाही. आणि यादी एकदा छापून आली की "कंप्युटरने सांगितलं" म्हणत तिच्याशी कुणी भांडत नाही, हा मोठा तोटा. अंतर्गत कर्ज कोणाला आधी हे गटाने सभेत, तोंडावर ठरवायचं.

एवढं मात्र करून घ्या: एमसीपीतल्या (गटाच्या सूक्ष्म पतआराखड्यातल्या) मागण्या विषयवार वेगळ्या काढणं. शेती, शेळी, शिक्षण, आजारपण असे गट आणि प्रत्येकाची रक्कम. क्रम लावायचा नाही.

ऱ्यहीन

लेबलांवर थोडं. एआयने काढलेल्या चित्रात मराठी अक्षरं घालायला सांगू नका. जोडाक्षरं मोडतात, "मिऱ्याची पूड" मधला ऱ्य तर हमखास. चित्र बिनअक्षरी करून घ्या आणि अक्षरं नंतर कॅनव्हात टाका. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट मोफत आहेत. छापायला देण्याआधी एक प्रत कागदावर काढून जोडाक्षरं मोठ्याने वाचा.

मजकुरात यंत्र "मधुमेहावर गुणकारी", "१००% शुद्ध" असले दावे स्वतःहून घालतं. ते सगळे काढा. अन्नपदार्थाच्या लेबलावर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) क्रमांक १४ आकडी असतो. तो यंत्राकडून कधीही लिहून घेऊ नका, ते हुबेहूब खोटा क्रमांक तयार करतं. घटक, निव्वळ वजन, बॅच, तारीख, हिरवा ठिपका हे आपल्या यादीवरून. आणि "पारंपारिक" लिहिलं तर "पारंपरिक" करा. ही चूक यंत्राने आपल्याकडूनच उचललीय.

लेखासखी

सगळ्यांचे आभार. कर्जयादी रद्द, लेबलं पावसाळ्यानंतर. चाचणी किती ग्रामसंघांत आणि किती दिवस करावी? कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय, त्याला काय विचारू?

ताळेबंद

तीन ग्रामसंघ पुरे, पण सगळ्यात हुशार लिपिकांचे तीन निवडू नका. एक चांगल्या नेटचा, एक जिथे अहिराणी जास्त चालते तो, एक जिथल्या बायका ऊसतोडीला जातात तो. तीन महिने. या काळात वही हीच खरी नोंद. एक्सेल आणि वही वेगळे निघाले तर वही बरोबर.

प्रत्येक पानामागे तीनच गोष्टी लिहा: फोटोपासून तपासून पूर्ण होईपर्यंतची मिनिटं, चुकलेले रकाने, आणि चूक कोणत्या प्रकारची. १५ ओळी आणि ५ रकाने म्हणजे ७५ घरं. त्याआधी तेच काम हाताने टाइप करून किती मिनिटं लागतात ते दोन-तीन पानांवर मोजून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? तपासणीसकट वेळ टाइप करण्याइतकाच लागत असेल तर फोटोचं काम सोडून द्या. लिपिकेने मराठी आवाजी टायपिंगने थेट एक्सेलमध्ये भरावं, फोनच्या कीबोर्डवर ते असतं.

कंपनीवाल्याला त्याचा नमुना दाखवू देऊ नका. आपल्या वहीची दहा पानं समोर ठेवा, त्यात हळदीचा डाग पडलेलं एक हवंच, आणि नावांवर पट्टी. त्याच्यासमोर चुका मोजा. मग विचारा: आमचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये आम्हाला कधीही, तुम्हाला न विचारता काढता येईल का? प्रशासक खातं कोणाच्या नावावर? करार संपल्यावर डेटा पुसल्याचं लेखी देणार का? दर सभासदामागे की गटामागे, आणि दुसऱ्या वर्षी किती? यंत्राने वाचलेला आकडा लिपिकेने बदलला तर जुना आकडा, नवा आकडा आणि बदलणारीचं नाव राहतं का? शेवटच्याचं उत्तर "नाही" असेल तर लेखापरीक्षणात अडकाल. "फक्त डॅशबोर्ड दिसेल" याचा अर्थ चुकलेला रकाना तुम्हाला दिसणारच नाही.

कुलूपकिल्ली

ठरावाचा मसुदा देते, हवा तसा बदला:

"तीन ग्रामसंघांत रोकडवही व बचत-कर्ज नोंदवहीची पानं एआयच्या मदतीने एक्सेलमध्ये घेण्याची चाचणी दि. __ ते दि. __ करण्यात यावी. सभासदांची नावे, आधार व बँक तपशील यंत्रास देऊ नये. तपासणीचे मानधन प्रतिपान रु. __ लिपिकेस द्यावे. चाचणी थांबविण्याचा अधिकार तिन्ही लिपिका व कोषाध्यक्ष यांपैकी कोणाही एकीस राहील. कारण लेखी द्यावे. कंपनीशी करार चाचणीचा अहवाल सभेत वाचल्यानंतरच करावा."

लेखासखी

"कोणाही एकीस" वर चर्चा होणार, अध्यक्षांना "दोघी मिळून" हवं असेल. पण पहिल्या महिन्यात तरी एकीच्या सांगण्यावर थांबलं पाहिजे, तेवढं धरून ठेवते. प्रतिपान रक्कम किती ठेवता?

ताळेबंद

आधी मिनिटं मोजा. तुमच्याकडे लिपिकेचं मानधन ताशी किती पडतं ते काढा, त्याला पानाच्या मिनिटांनी गुणा, ६० ने भागा. पहिल्या महिन्याची मिनिटं धरा, तिसऱ्याची नको. तोवर हात बसलेला असतो आणि रक्कम कमी निघते.